मावसाजींचं मुबलक युग

जगातली भांडवलशाही कधी संपेल, मुळात संपेल की नाही, ते मला ठाऊक नाही. पण नागपुरात, प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत ती एका उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत संपली होती आणि ती आमच्या मावसाजींनी संपवली, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. लोक हसतात. हसू देत. ज्यांनी मावसाजींना पाहिलेलं नाही त्यांनी तर हसावंच, कारण ज्यांनी पाहिलं होतं तेही हसतच होते, आणि त्यात सगळ्यात पुढे मी होते.

मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. पारशिवनीहून मी नागपुरात मुलींच्या शाळेत शिकवायला आले, ती त्यांच्याच घरी उतरले आणि लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. एकोणीसशे सत्तरनंतरची, शहर अजून ऐसपैस होतं तेव्हाची गोष्ट. मी त्यांना मावसाजी म्हणायची म्हणून हळूहळू गल्लीच त्यांना मावसाजी म्हणू लागली. वयाने मोठी माणसंसुद्धा. ते कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. तिथल्या कॉलनीत क्वार्टर मिळत असताना ती सोडून रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसने जायचे. का, तर क्वार्टरला अंगण नव्हतं आणि झाडाशिवाय माणसाचं डोकं चालत नाही, असं त्यांचं मत. संध्याकाळी परत आले की शर्टाच्या कॉलरवर राखेची बारीक पूड असायची. ती झटकायच्या आधी, चप्पल काढायच्याही आधी, ते दारातूनच बोलायला सुरुवात करायचे. सकाळी जिथे वाक्य तोडलं असेल तिथूनच बरं का! बाकीच्यांना मागचं वाक्य आठवत नसे, हा बाकीच्यांचा दोष.

विषय एकच. मुबलक युग. मावसाजींचा सिद्धांत असा, की जी वस्तू मुबलक झाली ती विकल्या जात नाही, आणि आज ना उद्या सगळ्याच वस्तू मुबलक होणार आहेत. यंत्रं राबतील, वीज वाहील, आणि मग दुकान, भाव, नफा, मालक, नोकर हे सगळं गळून पडेल. “मले एक सांग वं,” ते मला विचारायचे, “नागपुरात ऊन विकते का कोणी? काहून नाही विकत? मुबलक आहे म्हणून! ताक विकते का आपल्या पारशिवनीत? दूध विकतीन, तूप विकतीन, पण ताक विकणाऱ्याले गाव नावं ठेवते. भाजीवाली गोडलिंबाची काडी कशी देते? तशीच, पिशवीत खुपसून! म्हणजे पाहा, मुबलक युग येऊनच राहिलं आहे. ऊन झालं, ताक झालं, गोडलिंब झाला. आता फक्त बाकीचं राहिलं.” हे ‘बाकीचं’ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, लुना आणि रेडिओ. पण ते किरकोळ बाब सांगावी तसं सांगायचे.

वीज तर इतकी होईल म्हणे, की मीटर लावण्यात अर्थच उरणार नाही. हे त्यांनी एकदा चार पाहुण्यांसमोर हात उंचावून सांगितलं आणि नेमकी त्याच क्षणी लाईन गेली. पंखा थांबला, पाहुणे घामाघूम, मावशी कंदील शोधतेय, मी तोंडात पदराचा बोळा कोंबून हसतेय. आणि अंधारातून मावसाजींचा आवाज तसाच, खणखणीत: “हा शेवटचा अंधार समजा!” त्यानंतर लाईन गेली की आमच्या गल्लीत पोरंसोरं ओरडायची, “मावसाजी, हा कितवा शेवटचा?” कोराडीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असे. एकदा कंडक्टरनेच त्यांना हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, माही ड्युटी संपेपर्यंत तरी ते युग येऊ देऊ नका, माहं काय होईन?” मावसाजींनी त्याला पूर्ण प्रवासभर समजावलं की त्या युगात त्याला बस नुसती फिरायला म्हणून मिळेल. तो बिचारा उतरेपर्यंत मान हलवत होता.

घराला कुलूप लावायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नेम. कुलूप म्हणजे टंचाईपुढे टेकलेले गुडघे. मावशी किल्ली कमरेला खोचायची आणि ते काढायला लावायचे. एका लग्नासाठी आम्ही सगळे पारशिवनीला गेलो तेव्हा मावशीचं काही एक चाललं नाही. दाराला नुसती कडी लावून निघालो. मावशीने सबंध लग्न रडवेल्या तोंडाने काढलं. परत येऊन बघतो तर दाराला हे भलंमोठं कुलूप! इतवारी बाजारातल्या गोदामाला शोभेल असं. ते लावलं होतं समोरच्या घरातल्या अडतवाले काकांनी. किल्ली हातावर ठेवत ते म्हणाले, “मावसाजी, तुमचं युग या आठवड्यात काही आलं नाही. मी बसूनच होतो अंगणात, आलं असतं तर दिसलं असतं.”

या अडतवाले काकांची ओळख आता करून दिलीच पाहिजे. इतवारीत त्यांची धान्याची अडत. काळी टोपी, पोट सुखवस्तू, जीभ तिखट. दिवसाचा हिशेब त्याच दिवशी मिटवल्याशिवाय जेवायचं नाही, ही त्यांची वाडवडलांपासूनची रीत. कोणाचं ठेवायचं नाही आणि कोणाकडे राहू द्यायचं नाही. मावसाजी त्यांना शेठ म्हणायचे. रोज संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं की दोघांच्या बाजा रस्त्याच्या दोन बाजूंना पडायच्या आणि मधल्या रस्त्यावरून भांडवलशाही इकडून तिकडे उडायची. “पोट भरते मावसाजी, मन नाही भरत,” शेठ म्हणायचे. “तुम्ही कितीही पिकवा, माणूस पुढच्या पिढीचं भरून ठेवतेच. फुकट ठेवून तर पाहा, धुऊनपुसून नेतीन!” मावसाजी बाजेवरून ताडकन उठायचे. “तो भुकेचा भेव आहे शेठ! भेव गेला की भरून कोण ठेवते? तुम्ही वारा भरून ठेवता का गोदामात?” असं रोज. त्या दोघांना दुसऱ्या कशाची गरज नव्हती. एखाद्या दिवशी शेठ गावाला गेले की मावसाजी बाजेवर नुसते कुशी बदलायचे.

त्या वर्षी नवतप्याच्या आधी वाद पेटला. नवतपा म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा नागपूरकर कांदा खिशात घालून बाहेर पडतात आणि कौलावर पापड नुसता ठेवला तरी भाजून निघतो. आमच्या गल्लीत तेव्हा घराघराला अंगण आणि अंगणाअंगणात झाडं. एकाच वेळी सगळ्यांकडे कैऱ्या, सगळ्यांकडे लिंबं, आणि मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा तर इतक्या की गाय तोंड फिरवायची. शेठ बोलता बोलता म्हणाले, “एवढं आहे न मुबलक? ठेवा दारात फुकट. एका दिवसात ओटा साफ न झाला तर नाव बदलीन.” मावसाजींनी शब्द वरच्यावर झेलला. पैज ठरली. चौरस्त्याकडच्या आमच्या फाटकाजवळच्या ओट्यावर माल ठेवायचा, ज्याला जे लागेल ते त्याने न्यावं, ज्याच्याकडे जास्त असेल त्याने आणून ठेवावं. नवतपाभर ओटा एकदाही रिता झाला नाही तर शेठ आपल्या गोदामातली तुरीची डाळ आणतील आणि स्वतःच्या हाताने गल्लीत फुकट वाटतील. आणि लोकांनी ओटा लुटून नेला, तर? तर मावसाजी मुबलक युगाचा शब्द जन्मात पुन्हा काढणार नाहीत.

ही दुसरी अट ऐकून गल्लीत आनंदीआनंद झाला. मावशीसुद्धा माझ्या कानात म्हणाली, “हरू दे बाई एकदाचे. वीस वर्षं झाली, माह्या कानाले विसावा नाही.” पण मला मावसाजींचा चेहरा दिसत होता. माणसाने घरदार डावावर लावावं, तसा तो चेहरा होता. बोलणं म्हणजे त्यांचं घरदारच होतं.

पहाटे उठून त्यांनी ओटा धुतला, मुनग्याच्या जुड्या बांधल्या, पपया मांडल्या, लिंबांची रास लावली, आणि उन्हाने सुकू नये म्हणून वरून मावशीचं जुनं लाल पातळ पांघरलं. मग खिडकीआड बसून राहिले. आता लोंढा येईल, मग येईल. कोणी येईना. माणसं कोपऱ्यापर्यंत यायची, ओट्याकडे बघायची आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने, खाली मान घालून, भराभरा निघून जायची. पोस्टमनने पत्र फाटकात न देता लांबूनच भिरकावलं. दूधवाला आलाच नाही. दुपारी मोलकरणीने मावशीला बाजूला घेऊन विचारलं, “बाई, कोणाचा उतारा टाकला वं तुम्ही? कोणाले झपाटलं?” तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. चौरस्त्याजवळ लिंबं, वर लाल कापड! सगळ्या गल्लीने तो उतारा समजला होता. नजर काढून टाकलेली ती लिंबं कोण मेला उचलणार!

मावसाजींनी लाल पातळ काढलं आणि पाटी लावली, ‘हा उतारा नाही. बिनधास्त न्या.’ उतारा नाही असं ज्या अर्थी लिहावं लागतंय, त्या अर्थी आहेच, अशी गल्लीची खात्री झाली. ज्यांना तशी शंका नव्हती, त्या शिकल्यासवरल्या घरांना वेगळीच लाज. चारचौघांत फुकटाचं उचलायचं म्हणजे भिकेची लक्षणं! माझ्याच शाळेतल्या एक बाई त्याच गल्लीत राहायच्या. मी त्यांना पपई घ्या म्हटलं तर “आमच्याकडे सध्या तरी सगळं ठीक आहे,” असं तुटक बोलून त्या गेल्या आणि माझ्याशी बोलेनाशा झाल्या. इकडे ओट्यावर पपया पिवळ्या झाल्या, मग काळ्या झाल्या, मुनगा वाळून काड्या झाला, माश्या घोंघावू लागल्या. शेठ बाजेवरून पोट धरधरून हसत होते. “जिंकले मावसाजी, जिंकले! ओटा भरूनच आहे! लुटाले सोडा, हुंगालेही कोणी येत नाही!”

शब्दाला धरून बघितलं तर मावसाजी खरोखर जिंकत होते. पण ते असले जिंकणारे नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते रस्ता ओलांडून शेठच्या बाजेपाशी गेले आणि उभ्यानेच म्हणाले, “शेठ, मी हरलो. जे कोणी घेत नाही ते मुबलक नाही, तो कचरा आहे. आजपासून मी बोलणार नाही.” शेठचं हसू तिथल्या तिथे विझलं. “अरे बापा, गंमत होती,” असं काहीबाही ते म्हणाले. पण मावसाजी घरात आले, जेवले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

आणि घर शांत झालं. काय सांगू ती शांतता! कोराडीहून यायचे, चप्पल काढायचे, कॉलर झटकायचे, चहा घ्यायचे. ‘हो’, ‘नाही’, ‘वाढ’. लाईन गेली तरी गल्लीतली पोरं ओरडेनात. मावशी भांडी आपटून बघायची, मुद्दाम वरणात मीठ विसरायची, तरी हूं का चूं नाही. वीस वर्षं जी बाई विसावा मागत होती ती दोनच दिवसांत, भर दुपारी चुलीपुढे बसून ढसाढसा रडली. “आग लागो त्या विसाव्याले,” ती म्हणाली. “मेलं घर आहे का गोदाम?” मग तिने डोळे पुसले, पदर खोचला, ओट्यावरच्या मालातलं जे धड होतं ते निवडून आत आणलं आणि मला म्हणाली, “तुया मावसाजीले अक्कल नाही. ओट्यावरचं कोणी उचलते का? आपण माणसं आहो की गुरं? वाटीतून पाठवा लागते.”

मुनग्याची रसभाजी शिजली, कैरीचं रायतं झालं. मावशीने ते घरातल्या स्टीलच्या वाट्यांत भरलं, वर ताटली झाकली आणि मला घरोघर पिटाळलं. निरोप एकच, “मावशीनं जरा चव पाहाले दिलं आहे.” आता चव पाहायला दिलेली वाटी कोण नाकारतं? ज्या बाई माझ्याशी बोलत नव्हत्या त्यांनीही “अगं, कशाला उगाच!” म्हणत हात पुढे केले. पण खरी गंमत पुढेच होती. आपल्याकडे आलेली वाटी रिकामी परत जात नाही. तसं केलं तर सात पिढ्यांचा उद्धार होतो. दुसऱ्या दिवशी वाट्या परत आल्या, त्या भरून. कोणाच्या वाटीत जवसाची चटणी, कोणाच्या वाटीत सांडगे, कोणाकडून पाटवडीचा रस्सा. मग त्यांच्या वाट्या आमच्याकडे राहिल्या. त्या आम्ही रिकाम्या कशा देणार? त्या भरून गेल्या. एका घरची वाटी दुसऱ्या घरी, दुसरीकडची तिसरीकडे. ऐन नवतप्यात, जेव्हा बाजारात भाजी नावाला दिसत नव्हती, तेव्हा आमच्या गल्लीत प्रत्येक ताटात चार चवी होत्या. बायका बोलायला लागल्या, जी घरं वर्षानुवर्षं एकमेकांकडे बघत नव्हती त्यांच्यातही पदार्थांच्या कृती विचारल्या जाऊ लागल्या. झाडावरचं झाडावर वाया जाणं बंद झालं, कारण उद्या वाटीत घालायला काहीतरी हवं ना! मावसाजी हे सगळं बघत होते आणि ओठ घट्ट मिटून बसले होते. शब्द म्हणजे शब्द.

अडकले ते शेठ. त्यांच्या घरच्या काकूंनी मावशीच्या वाटीत पाटवडी पाठवली, मावशीने काकूंच्या वाटीत गोळाभात. शेठ म्हणाले, बरोबरी झाली, आता मिटवा. वाटी रिकामी पाठवा म्हणजे हिशेब बंद. काकू कडाडल्या, “रिकामी वाटी? सवाष्णीच्या घरी रिकामी वाटी पाठवू? लाजलज्जा इतवारीत विकून आले का?” बरं, चिमूटभर साखर टाका आणि मिटवा, म्हणाले शेठ. साखर आली. मावशी म्हणाली, अगंबाई, साखर आली, आता तोंड गोड करायला नको? तिने शिरा केला. वाटी भरून परत गेली. शेठनी कपाळाला हात लावला. नवतप्याच्या शेवटच्या दिवशी ते जेवायला बसले, तर ताटाभोवतीच्या वाट्या त्यांना ओळखू येईनात. त्या काळी भांड्यांवर नावं कोरलेली असत. त्यांनी एकेक वाटी उचलून नाव वाचलं. कोपऱ्यावरचे मास्तर, त्यांच्या पलीकडचे कंपाउंडर, आमचे मावसाजी. शेठ उठून स्वयंपाकघरात गेले, फडताळ धुंडाळलं. त्यांच्या स्वतःच्या नावाची एकही वाटी घरात नव्हती! सगळ्या गल्लीत, कोणाच्या ना कोणाच्या ताटात होत्या.

भर दुपारी, डोक्यावर उपरणं टाकून, हातात दोन वाट्या घेऊन शेठ आमच्या दारात येऊन उभे राहिले. “मावसाजी,” ते म्हणाले, “कोणाचं कोणाकडे किती निघते, एकदाचं सांगा बापा. तीन दिवस झाले, मले अन्न गोड लागून नाही राहिलं.” मावसाजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपल्या मिटल्या ओठांवर बोट ठेवलं. शेठना काय झालं कोणास ठाऊक, त्यांनी हातातल्या वाट्या दाणकन खाली ठेवल्या. “अरे, मोकळा केला तुमचा शब्द!” ते ओरडले. “तुम्ही नाही हरले. मी हरलो. इतक्या दिवसांत कोणी लुटून नाही नेलं, उलट जास्तच झालं! हे कसं झालं मावसाजी? बोला न गा! तुम्ही बोलत नाही तर संध्याकाळ सरत नाही!”

आणि मावसाजी उठले. तशी वीज मी कोराडीच्या चिमणीखालीही पाहिली नाही. “शेठ!” ते गरजले, आणि आजूबाजूच्या खिडक्या फटाफट उघडल्या. “ज्या गल्लीत इतवारीच्या अडत्याले हिशेब मिटवता येत नाही, त्या गल्लीत मुबलक युग येऊन बसलं आहे! मी येडा होतो. मी समजत होतो, आधी सगळं मुबलक होईन, मग लोक वाटतीन. उलटं आहे शेठ, उलटं! वाटीत घातलं की मुबलक होते!” मास्तर बाहेर आले, कंपाउंडर आले, काकू आल्या, पोरं नाचायला लागली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मावशी दारात उभी राहून पदराने डोळे टिपत म्हणाली, “सुरू झाले! आता रात्र होते बाई,” आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी पुन्हा फक्त माझ्या लग्नात पाहिलं. शेठ सौद्याला पक्के. दुसऱ्याच दिवशी गोदामातून तुरीच्या डाळीचं पोतं आणून ते माप घेऊन रस्त्यावर उभे राहिले. अर्थात एकही माणूस पुढे येईना. शेवटी काकूंनी डाळ शिजवून वरणच घरोघर पाठवलं.

जगात पुढे काही बदललं नाही, हे कबूल. कोराडीच्या बसचं तिकीट वाढतच गेलं आणि आमची गल्ली सोडून बाकी नागपूर नफ्यावरच चाललं. पण पुढची कितीतरी वर्षं मी शाळेत कुणी ‘माणूस मुळात लोभी’ असं म्हटलं की गालातल्या गालात हसायची. माझं लग्न होऊन मी अमरावतीला गेले. आठेक वर्षांनी मावशीचं पत्र आलं, शेठ गेले. झोपेतच, त्रास न होता. मी सुट्टीत भेटायला आले तेव्हा मावसाजी निवृत्त झाले होते. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून झालं, त्यांनी बाज रस्त्याच्या कडेला टाकली आणि समोरच्या बंद फाटकाकडे बघत बसले. चहा दिला, घेतला. मावशी मला आत खेचून म्हणाली, “पाहून राहिली न? महिना झाला असंच आहे. मी म्हटलं बोला, तर म्हणतात, कोणाशी बोलू वं? तुले तर सगळं पटते.”

मी बाहेर आले. आतून एक खुर्ची ओढत नेली, रस्ता ओलांडला, आणि शेठची बाज पडायची त्या जागी ती मांडून बसले. मग तिथून ओरडले, “मावसाजी, मी खूप विचार केला. मला तर वाटतं, माणसाला कितीही मिळालं तरी पुरं पडायचं नाही. तुमचं युग काही यायचं नाही!” सपशेल खोटं बोलत होते मी. मावसाजींनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं. त्यांना माझं सोंग कळलं असणार, ते काही दूधखुळे नव्हते. पण हळूहळू त्यांचे खांदे ताठ झाले, ते बाजेवर मांडी घालून सरळ बसले.

“असं?” ते म्हणाले. “काहून येणार नाही? सांग पाहू!”

मी पदर खोचला आणि भांडायला लागले.